त्याच्या कपड्यांना कात्री लावू नकोस

ता. ४ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार,

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. तुम्ही रागावणार हे माहीत आहे. रागावून झालं की पुढचं वाचा.

या वर्षी थंडी पंधरा दिवस आधीच येऊन बसली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्या तुम्हाला ठाऊक आहेतच. उत्तरेची खिडकी म्हणजे नुसती चाळणी. काल सकाळी पाण्याच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता, तोही खोलीच्या आत! सासूबाई म्हणाल्या, "चल, बाहेर जिन्यात जाऊन बसू, तिथं वारा कमी असेल." त्यांची जीभ अजून गरम आहे, बाकी सगळ्या गार पडल्यात. त्यांचे पाय झोपेत चुकून मला लागले तर मी दचकून उठते.

शेगडी आहे, पण आठवड्याला एकच पोतं कोळसा मिळतो, तोही अर्धा चुरा. मी पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून संध्याकाळी परतते, तेव्हा पेटवते. तोवर सासूबाई दिवसभर अंथरुणात. हे असते तर कुठून तरी चार लाकडं उचलून आणली असती. सप्टेंबरनंतर यांचं पत्र नाही. त्यात लिहिलं होतं की बोगद्याचं काम फेब्रुवारीअखेर संपेल आणि मार्चमध्ये घरी येतो. दाराची कडी वाजली की सासूबाई मान वर करतात. यांच्या येण्यापर्यंत त्यांना धडधाकट ठेवायचं, एवढंच माझं काम, आणि तेच जड चाललंय. गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली होती तेव्हा कंपाउंडर काय म्हणाला, ते तुम्हीही ऐकलं होतं. असा आणखी एक झटका त्यांना झेपणार नाही.

तुम्ही तीस वर्षं इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काढलीत आणि एवढे हिवाळे त्या एका खोलीत एकट्यानं. फुकटात ऊब कशी करायची हे तुम्हाला नाही तर कुणाला विचारू?

आणखी एक. दाराखालून वारा येतो. यांची एक जुनी विजार आहे, गुडघ्यावर पार विरलेली. तिचा एक पाय कापून त्यात भुसा भरला आणि दाराशी लोडासारखा ठेवला तर चालेल का? यांची वस्तू तुम्हाला विचारल्याशिवाय कापायची माझी छाती नाही.

तुमची वहिनी


ता. ११ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

विजारीला हात लावशील तर खबरदार! त्याच्या कपड्यांना कात्री लावू नकोस. मार्चमध्ये तो आला की काय गोणपाट गुंडाळून फिरेल? गुडघे विरले म्हणे. मग ठिगळ लाव. त्याचा तो काळा कोट मी एकदा अख्खा उसवून, आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवलाय, आठवडा गेला होता माझा. तो पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेव आणि पेटीला कुलूप लाव. लोडासाठी माझा लॉन्ड्रीतला जुना एप्रन पाठवते आहे. जाड कापड आहे, त्याचं काय वाटेल ते कर.

आता नीट वाच, आणि हे पत्र जपून ठेव. परत परत विचारलंस तर मी उत्तर द्यायची नाही.

आतली खोली बंद करून टाक. पलंग शेगडीच्या खोलीत ओढ आणि दोघी एकाच पलंगावर पाठीला पाठ लावून झोपा. आई कुरकुर करेल, करू दे. मग खिडकी. अगं, तू दिवसभर पुस्तकांना खळ लावतेस आणि घरच्या खिडकीला लावायचं तुला सुचू नये? कमाल आहे तुझी! कारखान्यातली कागदाची कात्रणं आण, तीन-तीन थर चिकटव. मात्र वरची एक फट उघडी ठेव. शेगडी पेटवून खोली पेटीसारखी बंद करायची नसते. सकाळी उठलीच नाहीत अशी माणसं आमच्या इस्पितळात आलेली मी पाहिलीत.

थंडी वरून जेवढी लागते त्याहून जास्त खालून लागते, हे लोकांना कळत नाही. दुलईवर दुलई घेतात आणि गादीखाली काही नाही. पुठ्ठ्यांचे तुकडे मागून आण आणि गादीखाली सलग पसर. विटा दोन घे, शेगडीवर तापव, जाड फडक्यात गुंडाळ आणि झोपायच्या आधी पायाशी ठेव. आईच्या बनियनच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकव. वाजतं म्हणून ती काढून टाकेल, तर म्हणावं, थोरलीनं सांगितलंय.

आणि जेवणाचं. एक लाकडी खोकं घे. त्यात कागदाचे कपटे दाबून भर, मधे भांड्यापुरती जागा ठेव. सकाळी चार कोळशांवर सूपला उकळी आली की झाकण लावून भांडं त्यात बसव, वर उशी दाब. दुपारी दोनला हात भाजेल इतकं गरम निघतं. तू कामावर असताना आईच्या पोटात काहीतरी ऊन जाईल.

धाकट्याचं पत्र मलाही नाही. तो लिहिण्याचा आळशी आहे, लहानपणापासून. कान उपटेन आला की.

तुझी नणंद


ता. २५ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र मी जपून ठेवलंय, काळजी नसावी. खरं सांगायचं तर सासूबाईंनीच ठेवलंय, उशाखाली. वीट जास्त तापली आणि चादर करपली तेव्हा त्यांनी ते काढून मला वाचून दाखवायला लावलं, "'जाड फडक्यात' लिहिलंय थोरलीनं, 'जाड'!" अशा माझ्या डोक्यावर मिरे वाटतात.

बाकी सगळं केलं. खळ मोरचूद घालून शिजवली, नाहीतर उंदरांनी खिडकीची मेजवानी केली असती. आता वारा आत येत नाही, फक्त शिट्टी वाजवतो. पुठ्ठ्यांनी मोठाच फरक पडला. कारखान्यात सगळ्या बायकांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा एक तुकडा उरला नाही. व्यवस्थापक विचारत फिरत होता, सगळ्या गप्प. खोक्यातलं सूपही छान राहतं.

अडचण एकच आहे, ती तुमच्या आईची. यांची ती जाड घोंगडी आहे ना, हे जाताना ठेवून गेलेली, ती मी त्यांच्या अंगावर घालते आणि त्या काढून घडी करून ठेवतात. "तो आल्यावर त्याला लागेल. वापरून विरली तर?" दोन वेळा भांडण झालं. शेवटी घोंगडी घडी करून खुर्चीवर आणि आम्ही दोघी कुडकुडत पलंगावर. सांगा आता काय करू.

मला यांची फार काळजी वाटत नाही, कारण जाताना मी विणलेला राखाडी स्वेटर यांच्या अंगात होता. चांगला घट्ट विणलाय, मीच विणलाय म्हणून सांगत नाही. पण वन्सं, अडीच महिने झाले. तुम्हाला काही कळलं का? यांच्या बोगद्यावरच्या मुकादमाचा पत्ता तुमच्याकडे आहे का? असेल तर त्याला लिहा ना दोन ओळी.

तुमची वहिनी


ता. १९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. मला ताप होता. आता बरी आहे.

घोंगडी आईच्या अंगावरच शिवून टाक. म्हणजे तिच्या दुलईच्या आतल्या बाजूनं टाके घाल, की काढता येणार नाही. ऐकत नसेल तर ती झोपल्यावर घाल.

आणि तो काळा कोट पेटीतून काढ. त्याची लोकर जाड आहे. पाठीचा भाग सलग निघेल, त्याचं आईला बिनबाह्यांचं जाकीट बेत. बाह्या उरतील, त्या मधे कापून दोन गुडघेपट्ट्या होतील. अस्तर टाकू नकोस, त्यात कात्रणं भरून उशी कर. विजारी आहेत त्याही वापर. पेटीत पडून राहण्यात काही अर्थ नाही.

मुकादमाला लिहिलं होतं. इकडे बर्फ फार आहे, डाक चार-चार दिवस अडकते.

तू स्वतः नीट खा. दोन वेळा सूप घेत जा, एकदा नाही. छातीवर कागद तूही ठेव.

तुझी नणंद


ता. २८ डिसेंबर

ती. वन्संना नमस्कार,

ताप डोक्यात गेला होता का तुमच्या? तुम्ही, आणि तो कोट कापायला सांगता? पत्र मी दोनदा वाचलं, मग अक्षर नीट पाहिलं की दुसऱ्या कुणी तर लिहिलं नाही ना. जून महिन्यात एका बटणावरून तुम्ही मला कसं फैलावर घेतलं होतं, ते मी विसरलेली नाही! बरं वाटावं म्हणून मी सासूबाईंनाही सांगितलं, "बघा, वन्सं किती बदलल्या." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला नक्की काहीतरी होतंय. तिला म्हणावं, गरम पाण्यात पाय सोडून बस."

कोट मी कापला नाही. कापणारही नाही. सासूबाई दुपारी तो मांडीवर घेऊन बसतात, ब्रशानं साफ करतात, बटणं मोजतात. कोटाची ऊब त्यांना तशीच मिळते म्हणा. घोंगडी शिवायचा प्रयत्न केला, तर सकाळी टाके उसवलेले. सुई कुठून काढली कुणास ठाऊक, डोळ्यांना तर दिसत नाही त्यांना.

खरं म्हणजे मला हसायला येत नाही, मी उगाच हसते आहे. त्यांचा खोकला सुरू झालाय. परवा कंपाउंडर येऊन गेला. पायांना हात लावून म्हणाला, "हे पाय गरम ठेवा, नाहीतर छातीचं मी काही सांगू शकत नाही." आणि या बाई अंगावर काही घालू देत नाहीत. जे जे गरम, ते ते लेकासाठी. माझी शालसुद्धा काल त्यांनी घोंगडीवर घडी करून ठेवली. माझी शाल, वन्सं! म्हणे त्याला गळ्याला बांधायला होईल. मी ओरडले त्यांच्यावर, मग रडलेही.

मुकादमाचं उत्तर आलं का, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. लिहिलं होतं एवढंच लिहिलंत. उत्तर आलं का?

तुमची वहिनी


ता. ८ जानेवारी

प्रिय वहिनी,

सोबत पार्सल आहे. आईसाठी लोकरीचे लांब मोजे, दोन जोड्या, गुडघ्यापर्यंत येतील असे. जुन्या बाजारात कुणाचा तरी फाटका स्वेटर मिळाला, तो उसवला, लोकर दोन पाण्यांतून काढली, ओली असताना वजन बांधून टांगली की वळ्या जातात. मग विणलं. टाचेला दुहेरी घेतलंय.

हे तरी तिला घालायला लाव. थोरलीनं पाठवलेत म्हण, तिच्याच मापाचे आहेत म्हण, धाकट्याच्या पायात शिरणारही नाहीत.

बाकी सगळं नंतर लिहीन. हात दुखतो आहे.

तुझी नणंद


ता. १५ जानेवारी

वन्सं,

मोजे मिळाले. सासूबाईंनी हातात घेतले, गालाला लावले आणि म्हणाल्या, "किती मऊ आहेत! ठेवून दे. त्याचे पाय फार गार पडतात." तुम्ही माप लहान ठेवलंत तरी काही उपयोग झाला नाही. त्या म्हणतात, पाय घातला की ताणले जातात.

त्या झोपल्यावर टाच कशी घेतलीत ते बघावं म्हणून मी एक मोजा उलटा केला. आतून बोटाला गाठ लागली.

वन्सं, कारखान्यात पुस्तकाची शिवण चालू असताना दोरा संपला की नवा दोरा जोडायला आम्ही एक चपटी गाठ मारतो. एक टोक फास करून दुसरं त्यातून घ्यायचं, जिभेवर ओलं करायचं आणि दातांनी ओढायचं. ती पुस्तकाच्या पाठीत फुगत नाही आणि सुटत नाही. मला शिकायला दोन महिने लागले होते. लोकर विणणारी कुठलीही बाई अशी गाठ मारत नाही, ती टोकं विणीत लपवते. मी मारते, कारण मला दुसरी येत नाही. राखाडी लोकर मला एका वेळी पुरेशी कधीच मिळाली नव्हती, लहान लहान गुंडे आणून मी तो स्वेटर पुरा केला. चारही मोजे उलटे केले. नऊ गाठी सापडल्या. तुम्ही त्या सोडवल्या नाहीत, कारण सुटल्या नसतील.

मी आधी मनाची समजूत घालून पाहिली. हे तुमच्याकडे येऊन गेले असतील, स्वेटर विसरले असतील, मला न सांगता कुठे दुसरीकडे कामाला गेले असतील, भांडण झालं असेल, काहीही. पण ते जिवंत असते तर तुम्ही मला कोट कापायला सांगितलं नसतं. ते पत्र मी विनोद म्हणून कारखान्यात चार जणींना वाचून दाखवलंय.

कधी, ते लिहा. सगळं लिहा. आणि लोकर इतकी स्वच्छ कशाला धुतलीत? नाकाला लावून पाहिली. साबणाचाच वास आहे. तेवढं तरी ठेवायचं होतंत माझ्यासाठी.


ता. २१ जानेवारी

वहिनी,

काय लिहू? तुझं पत्र वाचलं आणि खाली बसले ती संध्याकाळपर्यंत.

नोव्हेंबरच्या वीस तारखेला सकाळी बोगद्याचं छत खाली आलं. आत चौघं होते. दोन दिवसांनी काढले. तिथंच पुरले, रस्ता बंद होता. मला २ डिसेंबरला कळलं. त्याच मुकादमाकडे तो लग्नाआधी पहिल्यांदा कामाला लागला होता, तेव्हा कागदावर घरचं माणूस म्हणून त्यानं माझा पत्ता दिला होता. तो बदलायचा राहिला. म्हणून पत्र तुझ्याकडे न येता माझ्याकडे आलं, आणि आठ दिवसांनी त्याची पेटी. स्वेटर पेटीत वरच होता. मुकादमानं लिहिलंय की बोगद्यात आत फार उकडतं, माणसं अंगातलं काढून खुंट्यांना अडकवून जातात. तो गारठला नव्हता एवढं नक्की. मी हे शंभर वेळा वाचलंय.

मी तेव्हाच निघायला हवं होतं. निघालेही होते, पिशवी भरली होती. मग तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं, आईची छाती, तिची मान दाराकडे. म्हटलं, हिवाळा जाऊ दे. थंडीत हे ऐकलं तर ती दुसऱ्या दिवशी उठायची नाही. ऊन पडलं की स्वतः येऊन सांगू. तुला सांगितलं असतं तर तू एका खोलीत तिच्यासमोर तोंड कसं लपवलं असतंस? तुझा चेहरा आरशासारखा आहे. म्हणून तुलाही नाही. मी चुकले. हे कळण्याचा हक्क माझ्याआधी तुझा होता आणि मी ते तुझ्यापासून दीड महिना चोरून ठेवलं. मारलंस तरी चालेल मला.

स्वेटरचं सांगते. तीस वर्षं मी गेलेल्या माणसांचे कपडे धुतले. आज गेलेल्याची चादर परवा दुसऱ्याच्या अंगावर. मला तेवढंच येतं, वहिनी. पंधरा-वीस दिवस तो स्वेटर मी उशीवर घेऊन झोपले. मग तू लिहिलंस की आईचे पाय गार आहेत. माझ्या हातात चांगली अर्धा किलो लोकर होती. तिचा काय उपयोग माझ्या उशीवर? उसवताना मी काहीच विचार केला नाही. तुला ओळखू येईल हे तर डोक्यातही आलं नाही. गाठी मला कडक लागल्या, म्हटलं, लगेच सुटायच्या नाहीत, राहू देत. धुतली ती सवयीनं. तुला तो वास हवा असेल हे मला सुचायला हवं होतं. पेटीत त्याचा एक सदरा आहे, तो मी धुतलेला नाही. आता धुणारही नाही.

एकच मागते. आईला सांगू नकोस. मार्चपर्यंत. तुझ्या पाया पडते.

तुझी नणंद


ता. ३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आल्यावर आठ दिवस मी तुमचं ऐकलं. रागावून ऐकलं, पण ऐकलं. कारखान्यात जिन्याखाली रडून घ्यायचे, तोंड धुवायचे आणि घरी यायचे. सासूबाई विचारायच्या, "डोळे का लाल?" मी म्हणायचे, खळीतल्या मोरचुदानं. त्यांना ते पटायचं.

या आठ दिवसांत त्या काय करत होत्या ते ऐका. दोन्ही जोड्या मोजे उशीच्या अभ्र्यात. घोंगडी खुर्चीवर, तिच्यावर माझी शाल, शालीवर कोट. आता छातीवरची कागदाची घडीसुद्धा काढून ठेवू लागल्या होत्या, "त्याला शेगडी पेटवायला होईल." सूप अर्धंच प्यायच्या, उरलेलं झाकून ठेवायच्या. कंपाउंडर पुन्हा आला. पायांची बोटं निळी झाली होती. मला जिन्यात बोलावून म्हणाला, "असंच चाललं तर आठवडा. तुम्ही त्यांना गरम का घालत नाही?" सगळा जिना ऐकत होता. खालच्या मजल्यावरची शिंपीण माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच त्यांचे कपडे लपवलेत.

तुम्ही म्हणालात, ऐकलं तर त्या उठायच्या नाहीत. वन्सं, न ऐकल्यानं त्या चालल्या होत्या. आपण दोघींनी दुनियेचे उपाय केले, पुठ्ठे, विटा, खोकी. आणि त्या प्रत्येक उबेची घडी करून लेकासाठी ठेवत गेल्या. लेक येणार आहे तोवर त्या एक धागा अंगाला लावणार नव्हत्या. मग मी काय करायचं होतं, तुम्हीच सांगा.

परवा रविवारी दुपारी सांगितलं. पलंगावर त्यांच्याजवळ बसले, हात धरला, आणि सरळ सांगितलं. तयारी केलेली सगळी वाक्यं विसरले. "ते नाहीत आता, आई. नोव्हेंबरात गेले." मी त्यांना आई कधी म्हणत नाही, त्या दिवशी तोंडातून गेलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बस, आता संपलं, हे मी काय करून बसले.

मग म्हणाल्या, "गारठला होता का गं?"

मी म्हटलं, "नाही. आत उकडत होतं. सगळ्यांनी स्वेटर काढून ठेवले होते."

"बरं झालं," म्हणाल्या. मग रडल्या. मी कुणाला असं रडताना ऐकलेलं नाही, आवाज जवळजवळ नव्हताच. मी धरून बसले. शेगडी विझली तरी उठले नाही.

अंधार पडायच्या सुमाराला त्यांनीच दुलईतून पाय बाहेर काढले. मी मोजे काढले आणि घातले, एकावर एक, दोन्ही जोड्या. घोंगडी घातली, शाल गुंडाळली. कोटही घातला, न कापता, बाह्यांतून हात घालून. त्या बाहुलीसारख्या बसून राहिल्या आणि मला हवं ते करू दिलं. ते मला त्यांच्या भांडणापेक्षा जड गेलं. खोकला अजून आहे. बोटांचा निळा रंग काल सकाळी थोडा उतरला. जगतील की नाही मला माहीत नाही. कंपाउंडरलाही माहीत नाही, नुसती मान हलवतो.

काल त्यांनी एकच विचारलं. "थोरलीला कधीपासून ठाऊक आहे?"

मी खरं सांगितलं. दोन डिसेंबर. त्यांनी बोटांवर मोजलं. मला वाटलं, आता तुमचा उद्धार होणार, आणि मला ते ऐकायचंही होतं. कारण माझा राग अजून गेलेला नाही. त्या म्हणाल्या, "दोन महिने. एकटीनं. त्या खोलीत." आणि मग, "तिला बोलव. लिही आत्ताच. माझ्यासमोर लिही."

म्हणून लिहिते आहे. त्या समोर बसल्या आहेत आणि दर ओळीला विचारतात, लिहिलंस का.

पेटी घेऊन या. सदरा घेऊन या, घडी मोडू नका. आम्ही एकाच पलंगावर झोपतो, तिसरी मावते, सासूबाई मधे झोपतील. मी तुमच्याशी लगेच बोलेन असं समजू नका. बहुतेक बरेच दिवस बोलणार नाही. पण या.

वहिनी